करवंट्यांखालची घड्याळं

लग्न होऊन कर्जतला आले तेव्हा मी दोन माणसांना भ्यायचे. एक माझ्या सासूबाई आणि दुसरे आमच्या पेठेतले घड्याळजी. सासूबाई बोलून घाबरवायच्या, घड्याळजी प्रश्न विचारून. सासूबाईंचं बोलणं निदान हळूहळू अंगवळणी पडलं. घड्याळजींच्या प्रश्नांचं काही सांगता यायचं नाही. तुम्ही घड्याळ घेऊन उभ्या राहिलात की ते डोळ्याला भिंग लावूनच मान वर करायचे आणि त्या भिंगातून तुमच्याकडे बघायचे. एक डोळा माणसाचा आणि एक डोळा भलताच मोठा.

त्यांना नाव असणारच, पण ते घ्यायचं कुणी नाही. स्टेशनाकडून पेठेत शिरलं की कासाराच्या शेजारी त्यांची जागा. दुकान कसलं, एक उंच फळी, फळीमागे बैठक आणि पुढे गिऱ्हाइकाला टेकायला बाकडं. माणूस उंच, हडकुळा आणि बारा महिने अंगात लांब बाह्यांचा काळा कोट. वैशाखातसुद्धा. कर्जतचा वैशाख ज्याने काढलाय त्याला कळेल मी काय म्हणते ते. डोंगराखालची हवा तसूभर हलत नाही, घामाच्या धारा लागतात आणि हा गृहस्थ मनगटापर्यंत बाह्या ओढून बसलेला. कुणी म्हणायचं अंगावर कोड आहे, कुणी म्हणायचं हात भाजलेत. लोकांना काय, जिभेला हाड नसतं.

खरी गोष्ट अशी की त्या बाह्यांखाली घड्याळं असायची. लोकांची. मनगटापासून कोपरापर्यंत, दोन्ही हातांवर, एकावर एक बांधलेली. दुरुस्त झालेलं घड्याळ ते लगेच परत द्यायचेच नाहीत. आधी काही दिवस स्वतःच्या हातावर बांधून हिंडवायचे. दुपारची जेवणं झाली की निघाले, नदी ओलांडून दहिवलीच्या बाजूला, नाहीतर रेल्वेच्या कडेकडेने पळसदरीकडे. हात हलवत, लांब ढांगा टाकत. परत आल्यावर एकेक बाही वर करायची, एकेक घड्याळ कानाला लावायचं आणि मान डोलवायची, नाहीतर तोंड वाकडं करायचं.

एकदा मी बाकड्यावर बसले असताना डोंगराकडच्या गावातला एक शेतकरी आला. पलटणीत गेलेल्या मुलाने त्याला घड्याळ पाठवलं होतं.

"घड्याळजी, माजं झालं का वो?"

"झालं. परवापासून चालतंय."

"मंग द्या की."

"माझ्या हातावर चालतंय. तुझ्या हातावर चालेल का, ते बघायचंय. तू नवा बैल घेतोस तो दावणीला बघून घेतोस का औताला जुंपून?"

"जुंपूनच. त्याबिगर कसा घेनार?"

"मग मी तेच करतोय. तू काम कुठल्या हाताने करतोस? कोयता कुठला हात धरतो?"

शेतकऱ्याने दोन्ही हात पुढे करून बघितले, जणू त्यालाही पहिल्यांदाच प्रश्न पडला होता. "उजवा," तो म्हणाला. "पन आमी घड्याळ घालून कोयता नाय धरत. आमी ते बाजाराला घालतो निस्तं."

"मग चार दिवसांनी ये."

तो बिचारा निमूट गेला. सगळेच जात. घड्याळजींपुढे आवाज चढवलेला माणूस मी पाहिला नाही.

आणि गंमत म्हणजे अंगावर इतकी घड्याळं बाळगणाऱ्या या माणसाला वाजले किती विचारलं तर सांगायचा नाही. "ही सगळी आजारी आहेत," म्हणायचे. "आजाऱ्याला कुणी वाट विचारतं का? स्टेशनात जा, तिथं मोठं घड्याळ आहे."

आमचं त्यांच्याशी काम पडलं ते माझ्या वडिलांमुळे. वडील खालापूरला वकिली करायचे. फार चालायची अशातला भाग नाही, पण एकुलत्या एका लेकीच्या लग्नात जावयाला काहीतरी नाव घेण्यासारखं द्यायचं म्हणून त्यांनी मुंबईला फोर्टात जाऊन सोन्याचं मनगटी घड्याळ आणलं. विलायती. तबकडी मोत्याच्या रंगाची, काटे केसासारखे बारीक. लग्नात ते ताटात ठेवून सगळ्या मांडवात फिरवलं होतं. आमच्या ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, ते हातात घातलं तेव्हा हात असा लांब धरून चालले की वाटावं गरम दुधाचं भांडं घेऊन निघालेत.

आणि ते घड्याळ बंद पडायला लागलं. रोज. सकाळी नीट चालायचं, हे कचेरीत गेले की दुपारून थांबायचं. हे मामलेदार कचेरीत कारकून होते. सासूबाईंना आयतंच निमित्त मिळालं. "सोन्याचा मुलामा असेल," त्या शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या. "आत पत्रा." मी चुलीपुढे बसून डोळे पुसायचे. वडिलांनी काय काय करून ते घेतलं होतं ते मला ठाऊक होतं. घड्याळ खोटं ठरलं तर माझे वडील खोटे ठरणार, आणि मग मी कुठे तोंड दाखवणार? माझ्या विशीच्या आतल्या जिवाला तेवढी एकच काळजी होती आणि ती मला पुरून उरली होती.

हे घड्याळजींकडे जायला तयार नाहीत. "तो माणूस काहीही विचारतो," म्हणाले. म्हणून भाजीला जाते सांगून मीच गेले. घड्याळ फळीवर ठेवलं. त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही. भिंगातून माझ्याकडे बघितलं.

"यजमान झोपताना घड्याळ काढतात?"

"हो."

"कुठल्या कुशीवर झोपतात?"

इश्श. नव्या नवरीला भर पेठेत विचारायचा का हा प्रश्न? शेजारचा कासार बांगड्या भरायचं थांबवून ऐकत होता. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी पदर चावत काहीतरी पुटपुटले.

"डाव्या का उजव्या?"

"डाव्या," मी म्हणाले आणि तिथून पळाले. घड्याळ तिथेच राहिलं.

पुढे त्यांनी ह्यांनाच बोलावून घेतलं आणि समोर किल्ली द्यायला लावली. ह्यांनी दोन बोटांत ते इवलंसं बटण धरलं, अगदी हळू थोडंसं फिरवलं, आजूबाजूला बघितलं आणि सोडून दिलं.

"बस?" घड्याळजी म्हणाले.

"जास्त दिली तर तुटेल. सासऱ्यांनी दिलंय."

"राव, घड्याळाला काही झालेलं नाही. तुम्ही त्याला उपाशी मारताय."

हे घरी येऊन सांगताना आमचे हे कधी नव्हे ते हसले. मला वडिलांच्या अब्रूवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. पण शहाण्याने काय करावं? दुसऱ्या दिवसापासून किल्ली अशी पिरगाळायला लागले की गणपतीच्या आसपास आतली स्प्रिंग तुटली. युद्धाचे दिवस. मुंबईत सुटा भाग मिळेना. घड्याळ पुन्हा घड्याळजींकडे आणि त्यावर करवंटी.

करवंट्यांचं सांगायचं राहिलं. उघडलेल्या घड्याळात धूळ जाऊ नये म्हणून ते प्रत्येकावर नारळाची करवंटी उपडी घालायचे. आतून काचेने खरवडून गुळगुळीत केलेली. फळीवर अशा करवंट्यांच्या ओळी. कुठल्याखाली कुणाचं घड्याळ आहे ते त्यांनाच माहीत. चिठ्ठी नाही, खूण नाही, वही तर नाहीच. एकदा त्यांनी एक करवंटी उचलली आणि मला निळ्या तबकडीचं घड्याळ दिसलं. मी ओळखलं.

"हे डॉक्टरांचं ना?" मी सहज विचारलं.

त्यांनी करवंटी खाली ठेवली. "वहिनी, तुमच्या घरचं कुणी दवाखान्यात गेलं तर डॉक्टर पेठेत सांगत फिरतात?"

"नाही."

"मग?"

मी ओशाळले. विषय बदलायचा म्हणून म्हटलं, "आमचं कुठवर आलंय?" बाकड्यावर एक रेल्वेचे गार्ड बसले होते. घड्याळजींनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "तुमचं घड्याळ माझ्याकडे आहे असं कोण म्हणालं?" गार्ड उठून गेल्यावर मग म्हणाले, "स्प्रिंगचं बघतोय. एका जुन्या घड्याळातली घासून बसवीन." घड्याळ कुणाचं हे ते तिसऱ्या माणसापुढे कबूल करायचे नाहीत. खुद्द मालकाने विचारलं तरीसुद्धा नाही. मला तेव्हा हा निव्वळ विक्षिप्तपणा वाटायचा.

ते बेचाळीस साल होतं. दिवाळी झाली ती न झाल्यासारखी. डोंगरातल्या रानांत कुणी कुणी विजेचे मनोरे पाडत होतं. खोपोली आणि भिवपुरीकडून मुंबईला वीज नेणारे ते लोखंडी मनोरे. एक पडला की मुंबईतल्या गिरण्या थांबतात म्हणे. मग डोंगराकडच्या गावांवर झडत्या, सामुदायिक दंड, माणसं पहाटे उचलून नेलेली. आमच्या दारावरून हत्यारी पोलिसांच्या गाड्या जायच्या आणि सासूबाई खिडकी ओढून घ्यायच्या. पेठेत कुणी मोठ्याने बोलेना. ह्यांच्या कचेरीत तर शिंकायची चोरी. सरकारी नोकराच्या घरात नुसतं एखादं पत्रक सापडलं तरी नोकरी गेलीच, वर तुरुंग. हे कचेरीतून आले की आधी कोनाडे तपासायचे, कुणी काही टाकून गेलं नाही ना म्हणून. ते बघून मलाही रात्रीची झोप येईनाशी झाली.

अशा दिवसांत आमचे घड्याळजी आपले रोज दुपारी हात हलवत हिंडायला जातच होते. कुणी सांगितलंही असेल त्यांना, नका जाऊ म्हणून. ते म्हणाले असणार, घड्याळांना मनोरे कळत नाहीत.

फौजदार नवीन होता. देशावरून बदलून आलेला, आमच्याकडचं त्याला काही माहीत नाही. त्याच्या माणसांनी पळसदरीच्या बाजूला, तारांच्या खाली, वाढलेल्या गवतातून लांब ढांगा टाकत येणारा काळ्या कोटातला माणूस धरला. कोट काढला तर दोन्ही हातांवर कोपरापर्यंत घड्याळं, सगळी चालू, सगळ्यांत वेळ एकच. आता तुम्हीच सांगा, त्या दिवसांत त्याचा अर्थ काय होणार? बॉम्बला घड्याळ लागतं हे तर शेंबड्या पोरालाही ऐकून माहीत होतं.

त्यांना पेठेतून चालवत आणलं. कमरेला दोर. कोट नाही, सदऱ्याच्या बाह्या फाडलेल्या, दोन्ही हात उघडे. मी दाराच्या फटीतून बघत होते. माझ्या मागे हे उभे होते, लवकर घरी आलेले. उन्हात ती घड्याळं चमकत होती आणि त्यांत, उजव्या मनगटावर, आमचं सोन्याचं.

सगळ्या पेठेला आपापलं घड्याळ दिसलं असणार. दवाखान्याच्या दारात डॉक्टर होते, ते आत गेले. दुकानांच्या फळ्या लागल्या. आणि घड्याळजी, त्यांनी मान खाली घातली होती ती वर केलीच नाही. आधी मला वाटलं, लाजेने. मग माझ्या लक्षात आलं. ज्या दाराकडे त्यांची नजर गेली असती त्या दारात पोलीस शिरले असते. म्हणून हा माणूस सगळी पेठ पायाखालची धूळ बघत चालला होता.

संध्याकाळी दवंडी फिरली. ज्यांची ज्यांची घड्याळं आहेत त्यांनी चौकीवर येऊन ओळख पटवावी. नाहीतर उद्या दुपारच्या मोटारीने आरोपीला खालापूर, पेणवरून अलिबागला पाठवणार. अलिबागला गेलेला माणूस त्या दिवसांत कधी परत येईल याचा भरवसा नव्हता. काही आलेच नाहीत.

"सापळा आहे," हे म्हणाले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "जो जाईल त्याला विचारतील, तू याला घड्याळ का दिलंस? बॉम्बला दिलंस का?"

"पण आपण दुरुस्तीला दिलं होतं," मी म्हणाले.

"ते कुठे लिहिलंय?"

खरंच. कुठेच लिहिलेलं नव्हतं.

सासूबाई जपमाळ ओढत बसल्या होत्या. ज्या घड्याळावरून त्यांनी मला उठता बसता टोचलं, त्याच घड्याळाबद्दल त्या आता म्हणाल्या, "कुठलं घड्याळ? आपल्याकडे घड्याळ नव्हतंच. लग्नात दिलं होतं ते तिच्या बापाने परत नेलं." ह्यांनी मान हलवली. दोघांनी मिळून ते पाठच करून टाकलं.

सकाळ झाली तरी चौकीवर कुणी गेलं नव्हतं. पाणी भरायला आलेली बाई सांगत होती, घड्याळजींना फार मारलंय. नावं सांग म्हणतात, हे सांगत नाहीत. एवढंच म्हणतात, गिऱ्हाइकांची आहेत. आणि मध्येच पोलिसांना हाका मारतात, किल्ली द्या हो, किल्ली द्या, थांबतील. एका शिपायाने कंटाळून सगळ्यांना दिली म्हणे.

मला फार भीती वाटत होती, हे स्पष्टच सांगते. शूर बायकांच्या गोष्टी लोक सांगतात, त्यांतली मी नव्हे. नवऱ्याची नोकरी जाईल, मला कोठडीत घालतील, माहेरी-सासरी कुणी उभं करणार नाही, सगळं दिसत होतं. पण मोटार दुपारी सुटणार होती. ती सुटली की मला उरलेला जन्म ते खाली घातलेलं डोकं दिसत राहिलं असतं. ती भीती जरा जास्त निघाली, एवढंच.

हे घोंगडं ओढून पडले होते. मी पदर सारखा केला आणि म्हणाले, "देवळात जाऊन येते."

उंबऱ्यात सासूबाई बसल्या होत्या. हलल्या नाहीत. "देऊळ त्या बाजूला नाही," म्हणाल्या.

मी उभीच राहिले. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, माझा पदर डोक्यावरून नीट ओढला आणि हळूच म्हणाल्या, "फौजदाराकडे बघून बोल. जमिनीकडे बघून बोलणारी बाई खोटी वाटते." आतल्या घोंगड्याकडे त्यांनी हनुवटी केली. "तो त्याच्या बापावर गेलाय. त्याची वाट बघू नकोस."

चौकीच्या पायरीवर एक म्हातारा शिपाई होता, इकडच्याच गावातला. "वयनी, तुमी हितं कशाला आलाव?" तो कुजबुजला. "मागं फिरा. सायेब लई तापलाय."

मला मागे फिरायचंच होतं. पण पाय पुढे पडले.

आत टेबलावर घड्याळं ओळीने मांडली होती. सगळी टिकटिकत होती. भिंतीला टेकून घड्याळजी बसले होते. एक डोळा सुजून बंद झालेला, बोटं काळीनिळी. त्यांनी मला पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

"आमचं घड्याळ न्यायला आलेय," मी म्हणाले. आवाज माझा नव्हताच. "दुरुस्तीला दिलं होतं."

फौजदाराने मला बसायला सांगितलं नाही. "नवरा काय करतो?"

हाच प्रश्न मला नको होता. "मामलेदार कचेरीत कारकून आहेत."

"तो का नाही आला?"

"त्यांना बरं नाही."

त्याने नाव लिहून घेतलं. टाकाचा तो आवाज माझ्या पाठीतून गेला. मग तो घड्याळजींकडे वळला. "काय रे, या बाईला ओळखतोस?"

"नाही," घड्याळजी म्हणाले.

"हिचं घड्याळ तुझ्याकडे आहे?"

"यांना मी कधी पाहिलेलं नाही."

भीतीच्या खाली रागही आला होता. अरे देवा, मी तुमच्यासाठी मरणाच्या दारात येऊन उभी राहिले आणि तुम्ही म्हणता पाहिलं नाही? कुठल्या कुशीवर झोपतात ते मला विचारलंत की.

"बाई, हा तर नाही म्हणतोय," फौजदार म्हणाला. त्याचा आवाज आता मऊ झाला होता, तो जास्त वाईट. "कुणी पाठवलं तुम्हाला?"

माझी नजर जमिनीकडे चालली होती. सासूबाईंचं बोलणं आठवलं. मी वर बघितलं. "ते सोन्याचं. त्याचा पट्टा बघा. शेवटचं भोक कारखान्यातलं नाही. आमच्या ह्यांचं मनगट बारीक, म्हणून मी दाभण तापवून पाडलंय. थोडं तिरकं गेलंय आणि कडेला चामडं जळलंय."

त्याने घड्याळ उचललं, खिडकीकडे नेलं, पट्टा उलटा केला. मग ते माझ्यापुढे टाकलं. "न्या," म्हणाला. "पण याला सोडणार नाही. बाकीची कुणाची?"

मी घड्याळ मुठीत धरून पेठेतून घरी आले. दारांच्या फटींतून लोक बघत होते. चौकीत गेलेली बाई आपल्या पायांनी परत आली, हे त्यांनी पाहिलं. त्यानंतर काय झालं ते त्या म्हाताऱ्या शिपायानेच सांगितलं. आधी गार्ड गेले, अंगात रेल्वेचा कोट चढवून. मग डॉक्टर. मग शाळेचे हेडमास्तर. एकेक करत इतरही.

आणि प्रत्येक वेळी फौजदार विचारी, याला ओळखतोस? घड्याळजी म्हणत, नाही. डॉक्टरांनी त्यांना न्यूमोनियातून उठवलं होतं, त्यांनाही नाही. हेडमास्तर म्हणाले, अहो, गेली कित्येक वर्षं मी तुमच्या बाकड्यावर पेपर वाचतो. घड्याळजी म्हणाले, कधी पाहिलं नाही. शेवटी फौजदाराने टेबलावर टाक आपटला. "हा खुळा आहे," तो ओरडला. "या खुळ्याला अलिबागला नेऊन मी माझंच हसं करून घेऊ काय?"

टेबलावर एक घड्याळ उरलं होतं. साधं, पोलादी, काचेला चरा गेलेला. "आणि हे कुणाचं?" त्याने विचारलं.

"माझं," घड्याळजी म्हणाले.

म्हातारा शिपाई मला म्हणाला, "वयनी, मी या पेठेत किती वर्सं हाय. त्यांच्या सोताच्या मालकीचं घड्याळ मी कदी बघितलं नाय." पण तो फौजदारापुढे बोलला नाही. दुपारची मोटार घड्याळजींना न घेता गेली.

ह्यांची नोकरी वाचली. साहेबाने बोलावून घेतलं, हे घामाने भिजून परत आले आणि शिक्षा म्हणून बदली खालापूरला झाली, सासुरवाडीत. सासरे रोज संध्याकाळी येऊन घड्याळ बरोबर चालतंय ना विचारायचे, तेव्हा शिक्षा नव्हती असं कसं म्हणू?

पुन्हा कर्जतला आलो ते इंग्रज गेल्यावर. मी घड्याळजींकडे गेले. बोटं नीट बसली नव्हती. मनगटी घड्याळांचं बारीक काम आता व्हायचं नाही, भिंतीवरची आणि गजराची तेवढी घ्यायचे. कोट तोच. पण उजवी बाही कोपरापर्यंत वर दुमडलेली आणि त्या उघड्या हातावर एकच घड्याळ. पोलादी, काचेला चरा गेलेलं. बाही वर का, ते मी विचारलं नाही. पेठेतून येणाऱ्या-जाणाऱ्याला ते लांबूनसुद्धा दिसत होतं.

"अजून कुणी आलं नाही न्यायला?" मी विचारलं.

"येतील."

"आता तर राज्य आपलं आहे. पोलिसांना आता कशाला भितील?"

त्यांनी भिंग काढून फळीवर ठेवलं. मी पहिल्यांदाच त्यांचे दोन्ही डोळे सारखे पाहिले.

"पोलिसांना नाही, वहिनी," ते म्हणाले. "आता ते मला तोंड दाखवायला भीत असतील." आणि वाकड्या बोटांनी त्यांनी त्या घड्याळाला किल्ली दिली.